समोरच्या खोलीतलं सोयाबीन

मी जिवंत आहे, ही बातमी मला अजूनही शिळी वाटत नाही! सकाळी दात घासताना एकदम आठवतं आणि मी ब्रश तोंडात तसाच ठेवून आरशात हसते. आमचे प्रमोदराव मागून म्हणतात, "झालं काय व? येडी झाली का?" झाले असेन. तीन जिने न थांबता चढले तरी मी शेजारपाजाऱ्यांना सांगत सुटते.

हे लिहायला मला अकोल्याच्या रुबीना सिस्टरने सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्यासारखं कोणी येते ना, तर घरचे लोक खरं सांगत नाई, गप बसतात. लिहा तुमी." म्हणून लिहिते आहे. यात औषधांची यादी नाही. ज्यांच्या घरचं माणूस काचेच्या दारापलीकडे झोपलेलं आहे त्यांच्यासाठी हे आहे.

माझं नाव संध्या. भातकुली तालुक्यातल्या एका शाळेत मी खेळाची बाई आहे. आम्हाला मूलबाळ नाही, पण कबड्डीच्या संघात बारा पोरी आहेत आणि त्या पुरून उरतात. माझा आवाज या मैदानावरून त्या मैदानावर जातो. प्रमोदराव शेती करतात आणि दिवसभरात जेवढं बोलतात तेवढं मी चहा गाळता गाळता बोलते. लग्नानंतर मी त्यांना कबड्डीतली एकच खूण शिकवली. एक तळवा आडवा, त्याखाली दुसऱ्या हाताची बोटं उभी. टाइम-आउट! खेळ थांबवा. तेव्हापासून मी बोलायला लागले की ते समोरून तेवढे हात करतात, आणि मी काही थांबत नाही.

एका पंख्यात दोन कामं

गेल्या हंगामात सोयाबीन कापून गंजी लावली आणि पावसाने ठाण मांडलं. ताडपत्री वरून होती, पाणी खालून शिरलं. कशीबशी मळणी करून माल घरी आणला, तर पोत्यात हात घातल्यावर आत गरम लागत होतं. पोत्यात राहिला असता तर सगळा सडला असता. पसरायचा कुठे? अंगणात चिखल. घरात सगळ्यात मोठी खोली समोरची, आणि धड चालणारा पंखाही तिथेच.

नेमका मला तेव्हाच ताप भरला. अंग ठेचल्यासारखं दुखत होतं आणि जीव घाबरा होत होता, म्हणून मी त्याच पंख्याखाली दिवाणावर पडले होते. प्रमोदराव दारात उभे राहून एकदा मालाकडे बघत, एकदा माझ्याकडे.

"पसरा की इथंच," मीच म्हणाले. "एका पंख्यात दोन कामं होतील."

"तुले तरास होईन."

"काही होत नाही मला!"

हे वाक्य मी आयुष्यात हजार वेळा म्हटलं असेल. दिवाणाच्या तिन्ही बाजूंनी सोयाबीन पसरलं. दर तासाला प्रमोदराव येत आणि माल वरखाली व्हावा म्हणून पाय ओढत त्यातून फिरत. फिरले की हिरवट भुकटी उडायची. पंख्याच्या वाऱ्यात ती खोलीभर हिंडायची आणि माझ्या चादरीवर बसायची. आंबूस वास यायचा. पाच दिवस मी त्यातच होते. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण आमच्याकडे अशा वर्षी घरोघरी हेच चालतं.

अमरावती

सहाव्या दिवशी उठून मोरीपर्यंत जाताना मला दोनदा बसावं लागलं. मी, जी पोरींना मैदानाला वीस चकरा मारायला लावते! अमरावतीला नेलं. नाकातला नमुना घेतला, स्वाइन फ्लू निघाला. तोंडावर घट्ट मास्क बसवला. तो हवा अशी आत ढकलायचा की बोलायची सोयच नाही. मला सगळ्यात मोठी शिक्षा तीच वाटली.

पण तीन दिवसांनी उतार पडला. मास्क दिवसातून दोन तास काढू लागले, आणि मी त्या दोन तासांचं सोनं केलं. सिस्टरांना कबड्डीचे नियम शिकवले, फोनवरून पोरींना सराव सांगितला, प्रमोदरावांना घरी जायची पिशवी भरायला लावली.

पाचव्या दिवशी पुन्हा ताप. खोकताना रुमालावर गंजासारखा डाग. नव्या फोटोत छातीत नवे ठिपके. तिथले डॉक्टर म्हणाले की फ्लू ओसरतोय, मग हे दुसरं काहीतरी आहे. अकोल्याला छातीचे डॉक्टर आहेत, नळीने आतला नमुना घ्यायची सोय आहे, आजच हलवा.

खरं सांगते, अँब्युलन्समध्ये मला भीती वाटत होती आणि मजाही येत होती. बडनेरा मागे पडलं, सायरन वाजतोय, ट्रक बाजूला सरकताहेत, आणि हे सगळं माझ्यासाठी! मूर्तिजापूरच्या पुढे सिलिंडरचा काटा खाली यायला लागला आणि मजा संपली. प्रमोदराव तो काटा आणि माझा चेहरा आळीपाळीने बघत होते. त्यांचा हात माझ्या पायावर होता.

डॉक्टरांनी विचारलं

अकोल्याचे डॉक्टर हळू आवाजात बोलणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला आले, फोटो उजेडाकडे धरले आणि माझ्या पलंगाशीच प्रमोदरावांना म्हणाले, "फ्लूने फुप्फुसाचं आतलं अस्तर सोलून निघतं. अशा वेळी तिथे बुरशी घर करू शकते. एरवी निरोगी माणसाला ती काही करत नाही. तुमच्या घरी ओलं धान्य, सडलेला भुसा, कुटार, बुरशी लागलेला माल, असं काही होतं का यांच्याजवळ?"

मी कान टवकारले. हेच! हेच ते! मी प्रमोदरावांकडे बघितलं.

ते म्हणाले, "नाई साहेब. आपला माल कोरडा हाय. खणखणीत."

तो चेहरा मला चांगला माहीत होता. अमरावतीच्या बाजारात मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर माल नाकाशी नेतो, एक दाणा दाताखाली फोडतो आणि विचारतो, "ओला हाय का?" ओळीतल्या एकाही माणसाने "हो" म्हटलेलं मी ऐकलं नाही. सगळे एकाच चेहऱ्याने, एकाच सुरात सांगतात, कोरडा, खणखणीत. परक्या माणसासमोर आपल्या मालाला बुरशी आहे असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. बापाने म्हटलेलं नसतं, आजाने म्हटलेलं नसतं. पांढऱ्या कोटातल्या माणसाने हातात फोटो धरून विचारलं, तरी जिभेला वळण तेच.

डॉक्टरांनी मान हलवली आणि ते पुढच्या पलंगाकडे वळले.

मी ओरडले. मास्कच्या आत! बाहेर नुसता फसफस आवाज. मी हात झाडले, डोक्यामागचं यंत्र टुंगटुंग वाजायला लागलं. रुबीना सिस्टर धावत आली आणि तिने माझे खांदे दाबले. "घाबरू नका मॅडम, बिल्कुल घाबरू नका. लंबा श्वास घ्या." मी मान हलवत होते, आणि मान हलवते म्हणून ती आणखी दाबत होती. डॉक्टर दुसऱ्या पेशंटचे कागद वाचायला लागले होते. माझ्या मनात एकच गोष्ट होती, हा माणूस आत्ता दारातून बाहेर गेला तर मी मरणार.

आणि माझे हात आपोआप वर गेले. एक तळवा आडवा, त्याखाली बोटं उभी.

रुबीना थबकली. मग एकदम ओरडली, "सर! मॅडम टाइम-आउट मागून राहिल्या!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. डॉक्टर परत आले. रुबीनाने खिशातलं पेन काढलं आणि रक्ताच्या रिपोर्टची पाठकोरी बाजू माझ्यासमोर धरली. अक्षर पहिलीतल्या पोराचं आलं, पण आलं. 'खोटं. ओलं सोयाबीन. माझ्या खोलीत. पाच दिवस. पंखा. हिरवी भुकटी.'

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. मग प्रमोदरावांकडे बघितलं. ओरडले नाहीत, एक शब्दही टाकून बोलले नाहीत. म्हणाले, "बरं झालं कळलं. नमुना मी घेणारच होतो, पण औषधासाठी रिपोर्टची वाट बघितली असती. आता थांबत नाही. औषध आजच सुरू करू."

नमुन्यासाठी आणि श्वासासाठीही घशात नळी घालावी लागणार होती. म्हणजे मला झोपवून यंत्रावर ठेवणार. त्याच कागदावर मी खाली लिहिलं, 'उठवाल ना?'

डॉक्टर म्हणाले, "पूर्ण प्रयत्न करू."

मला 'हो' ऐकायचं होतं. ते 'हो' म्हणाले नाहीत, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली. बारा पोरी आठवल्या. प्रमोदराव एकटे घरात काय खातील, असं भलतंच काहीतरी आठवलं. त्यांच्याकडे बघायला मात्र मी तयार नव्हते. इतका राग मला कधी कोणाचा आला नव्हता. रुबीनाने माझ्या कपाळावर हात ठेवला. "मी नाव घेऊन उठवीन, मॅडम. संध्या म्हणून. चालते ना?"

चालेल, असं मी डोळ्यांनीच सांगितलं.

जांभळी ट्यूबलाइट

"संध्या मॅडम! ओ संध्या मॅडम!"

डोळे उघडले आणि काय सांगू! छताची ट्यूबलाइट जांभळी! तिच्याभोवती हिरवी किनार! सलाइनची बाटली झगमगतेय, रुबीनाचा निळा गणवेश डोळ्यांत मावत नाहीये. मला वाटलं गेले मी, पोहोचले वरती. मग फिनेलचा वास आला. स्वर्गात फिनेल कशाला असेल? म्हणजे मी अकोल्यातच होते!

सहा दिवस गेले होते. नमुन्यात बुरशीच निघाली होती. रंग दिसतात ते औषधामुळे, थोड्या दिवसांनी जातील, असं डॉक्टर म्हणाले. जाऊ नयेत असं मला वाटत होतं. दुपारच्या उन्हात समोरची भिंत केशरी व्हायची आणि मी फुकटची जत्रा बघत पडायचे. तुमच्या माणसाला असं काही दिसायला लागलं तर घाबरू नका, पण डॉक्टरांना जरूर सांगा. सगळंच सांगा. मी हे पुन्हा पुन्हा म्हणणार आहे.

बाकावर बसलेला माणूस

माझी नणंद शोभाताई अकोल्यातच राहते. ती रोज मुगाच्या वरणाचं पाणी घेऊन यायची. तीन दिवस मी तिला एकच विचारलं, हे कुठे आहेत?

"दादा बाहेर बाकावर बसून हाय. आत चाल म्हटलं त येत नाई. दहा दिस झाले, घरी निजाले बी आला नाई माह्या."

"पाठवा त्यांना."

चौथ्या दिवशी आले. दाढी वाढलेली, अंगात तोच शर्ट. पलंगापासून चार हात लांब उभे राहिले.

"संध्या, थो डॉक्टर पुसून राह्यला, अन् मले वाटलं व्यापारीच पुसून राह्यला. तोंडातून निघून गेलं."

नळीने घसा सोलला होता, आवाज घोगरा. पण मी काय सोडते? "वर्षातून दोन वाक्यं निघतात तुमच्या तोंडातून, त्यातलं एक खोटं!"

ते म्हणाले, "तू मशीनवर व्हती तवा मी हेच घोकत व्हतो. तुहे हात वर गेले नसते त..." माणूस उभ्याउभ्या रडायला लागला. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

माझा राग तिथेच विरघळला असं मी म्हणणार नाही. तो आणखी बरेच दिवस होता. पण मी एवढं म्हणाले, "पंखा मीच सांगितला होता. कल्पना माझी होती."

"कल्पना तुही व्हती," ते शर्टाच्या बाहीने नाक पुसत म्हणाले, "पण पाय माहे व्हते."

आणि मला हसू आलं! हसता येईना, छातीत कळ येत होती, तरी हसू आलं. रुबीनाने येऊन दटावलं, मग कारण कळल्यावर तीही तोंडावर हात ठेवून हसली. तो ढीग कुठे गेला असं मी विचारलं, तर म्हणाले, गावी फोन करून शेजाऱ्यांना तोंडाला फडकं बांधून शेताच्या कडेला खड्डा करून पुरायला लावला.

डॉक्टरांनी नंतर आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की बुरशी त्याच ढिगातली होती असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ती हवेत सगळीकडे असते. हे ऐकून प्रमोदरावांचे खांदे जरा खाली आले. माझेही आले.

तीन गोळ्या

श्वासाचा व्यायाम करायला एक प्लास्टिकचं यंत्र देतात, त्यात तीन रंगीत गोळ्या असतात. श्वास आत ओढला की गोळी वर जाते. पहिल्या दिवशी एकही हलली नाही. मी, भातकुलीची शिट्टी, आणि लिंबाएवढी पोकळ गोळी हलत नाही! मी रडले, चिडले, यंत्र उशीखाली कोंबलं.

संध्याकाळी शोभाताईने फोनचा स्पीकर लावला. पलीकडून बारा पोरी एका सुरात, "बाई, ओढा!" आणि सुरू, कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी! मी यंत्र बाहेर काढलं आणि ओढलं. गोळी थरथरली, उठली, वर जाऊन टिकली! पोरींचा दम संपेपर्यंत माझी गोळी वर राहिली नाही हे खरं, पण उठली! शेजारच्या पलंगावरच्या आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. दोन गोळ्यांना आठवडा लागला. तिसरी घरी आल्यावर उठली, आणि ती उठली त्या दिवशी मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

समोरची खोली आता पांढरी रंगवली आहे. दिवाण तिथेच, पंखाही तिथेच. माल मात्र त्या खोलीचा उंबरा ओलांडत नाही.

परवाची गोष्ट

औषधाच्या गोळ्या अजून चालू आहेत आणि डॉक्टरांचा नियम कडक आहे. औषध संपेपर्यंत धूळ नाही, मैदान नाही, ओरडणं नाही. दर महिन्याला अकोल्याला तपासणी.

आणि गेल्या आठवड्यात चांदूर रेल्वेला आमच्या पोरींची फायनल होती.

मी जाणार नव्हते. खरंच नव्हते. मग म्हटलं, नुसतं बघायला. प्रमोदरावांनी मास्क, खुर्ची, पाण्याची बाटली, सगळं गाडीत घालून नेलं, या अटीवर की मी खुर्चीतून उठणार नाही. शेवटची पाच मिनिटं राहिली, पोरी दोन गुणांनी मागे. मी उठले. मास्क कधी निघाला मला माहीत नाही. मैदानावर धुळीचा लोट होता आणि मी त्यात उभी राहून ओरडत होते, "पाय धर तिचा! पाय!" रात्री मला थोडा खोकला आला, तोही मी उशीत दाबला.

परवा तपासणी होती. डॉक्टरांनी छाती ऐकली, नवा फोटो बघितला, चांगला होता. मग पेनाचं टोपण लावत सहज विचारलं, "मैदानावर गेला नाहीत ना?"

"छे हो डॉक्टर," मी म्हणाले. "घराबाहेर पाऊल नाही टाकलं."

बोलून गेले आणि माझा मलाच आवाज ऐकू आला. तोच सूर. कोरडा, खणखणीत.

शेजारच्या खुर्चीत काहीतरी हललं. मी वळून बघितलं. प्रमोदरावांचे दोन्ही हात वर होते. एक तळवा आडवा, त्याखाली चार जाड, भेगाळलेली बोटं उभी.

"साहेब, गेल्ती," ते म्हणाले. "चांदूर रेल्वेले. मास्क काढला. पाच मिनिट धुयीत उभी राहून वरडली. रात्री खोकलली बी. अन् नेलं मीच व्हतं."

एवढं लांब त्यांना बोलताना डॉक्टरांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी टोपण पुन्हा काढलं, कागद पुढे ओढला आणि मला म्हणाले, "हं. आता पहिल्यापासून सांगा."

मी सगळं सांगितलं. खोकला किती वेळा आला, कसा आला, उशीत दाबला तेही. एका गुणाने आपण जिंकलो, तेही सांगितलं. माझं बोलणं संपेपर्यंत प्रमोदरावांनी हात खाली घेतले नाहीत.